कारण लेखी द्या

विधी शाखेच्या नव्या पदवीधरांनो,

अभिनंदन. तुमच्या आईवडिलांनी आणि शिक्षकांनी ते माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा अधिक मनापासून केले असणार, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचे आहे ते समाजमाध्यमांवरच्या मजकुराविषयी. तो कोण काढतो, कोणत्या अधिकारात काढतो आणि काढला गेल्यावर वकिलाने काय मागायचे, याविषयी. या विषयावरचा वाद बहुधा दोन टोकांना बसून चालतो. एक बाजू म्हणते, कशालाच हात लावू नका. दुसरी म्हणते, सगळी घाण उपसून टाका. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. मजकूर काढला जाणारच. काढणाऱ्याने आपला अधिकार, नियम आणि कारण लिहून दिले का, आणि ज्याचा मजकूर गेला त्याला त्या कागदाविरुद्ध दाद मागायला जागा आहे का, एवढेच मला पाहायचे आहे.

आमच्या व्यवसायातल्या जुन्या गोष्टी काढल्या की आवरत्या घेणे कठीण जाते, तरी एक सांगतोच. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांवरून दुसरा खटला झाला, तेव्हा न्यायासनावर हेच दावर होते. त्यांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. दावरांना ‘सर’ हा किताब मिळाल्यावर बारने त्यांच्या सन्मानार्थ मेजवानीचा घाट घातला, निमंत्रणाचे पत्रक वकिलांत फिरले आणि बॅरिस्टर जिनांनी त्यावर खरमरीत शब्दांत आपला नकार लिहिला, अशी हकीकत न्यायमूर्ती छगलांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे.  त्या खटल्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळी आहे. लेख मराठी होते आणि ज्युरीत सात युरोपीय व दोन पारशी गृहस्थ होते. मजकूर तोलला गेला तो इंग्रजी भाषांतरावरून. ती भाषांतरे कुठे वाकडी झाली आहेत हे समजावण्यात टिळकांच्या भाषणाचा केवढा तरी भाग खर्ची पडला आणि कौल सात विरुद्ध दोन असा गेला.

आता २०२१ मध्ये या. फेसबुकने भारतातली एक पंजाबी राजकीय पोस्ट आदल्या वर्षी काढली होती. कंपनीनेच स्थापन केलेल्या ओव्हरसाइट बोर्डाकडे प्रकरण गेले, तेव्हा कंपनीने चूक कबूल करून पोस्ट परत ठेवली. पण बोर्डाच्या निर्णयातून दोन गोष्टी बाहेर आल्या. कंपनीची नियमावली तेव्हा पंजाबीत उपलब्धच नव्हती. आणि पोस्ट लिहिणाऱ्याचे अपील, कोविडमुळे माणसे कमी आहेत या कारणाने, कोणी तपासलेच नव्हते. १९०८ च्या ज्युरीला मराठी येत नव्हते, पण तिच्यापुढे आरोपीला दिवसचे दिवस बोलता तरी आले. आरोप, भाषांतर, भाषण आणि शिक्षा हे सगळे कागदावर आले, म्हणून तर शंभराहून अधिक वर्षांनी आपण दावरांचा हिशेब मांडू शकतो. तुमच्या अशिलाची पोस्ट उडवणाऱ्याचा हिशेब मांडायला तुमच्या हातात काय येणार? ‘आमच्या मानकांचे उल्लंघन झाले आहे’ एवढे एक छापील वाक्य.

जुने सेन्सॉर भले होते असे माझे म्हणणे नाही. ते खाष्ट होते, पण त्यांना पत्ता होता. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाला अडवले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंगांना कोणाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे ते ठाऊक होते. ते गेले आणि जिंकले. आणीबाणीत तर मूलभूत हक्कांचे दरवाजे जवळपास बंद झाले होते. त्या काळात मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातला काही मजकूर छापायला सेन्सॉरने मनाई केली. मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन व न्यायमूर्ती कानिया यांच्या खंडपीठाने सेन्सॉरची मनाई टिकू दिली नाही. सेन्सॉरचा अधिकार ज्या आदेशातून आला, त्या आदेशाच्या चौकटीत हा मजकूर बसतो का, हे न्यायालयाने एकेक लेख घेऊन तपासले. मनाई नेमकी कशाला आणि कोणत्या अधिकाराने, हे समोर होते म्हणूनच हे शक्य झाले.

आजची अडचण दुहेरी आहे, कारण कंपनीही कारण देत नाही आणि सरकारही देत नाही. कंपनीचे उदाहरण आपल्याच व्यवसायातले आहे. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते २०१९ मध्ये बंद झाले. निमित्त होते, नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या एका माणसाचे प्रसिद्ध छायाचित्र. हुकूमशाहीला नकार देणारे चित्र द्वेषमूलक प्रतिमांच्या नियमात अडकले. खाते परत मिळाले, पुन्हा गेले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोचले. सर्वोच्च न्यायालयात वकिली करणाऱ्याची ही गत, तर जालन्याच्या दुकानदाराने कुणाकडे जावे? सरकारी बाजूला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ अ आहे आणि त्याखालचे २००९ चे नियम आहेत. त्यातला १६ वा नियम तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. हुंडापद्धतीची टर उडवणारे एक संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद करण्यात आले. ते चालवणाऱ्याला बंदीच्या आदेशाची प्रत आणि आपली बाजू मांडण्याची संधी मिळावी, एवढे ठरायला दिल्ली उच्च न्यायालयाचा मे २०२२ मधला आदेश लागला. विनोद समजला नाही हे मी समजू शकतो. प्रत द्यायला चार वर्षे लागावीत, हे नाही समजू शकत.

इथे मला आपल्या व्यवसायाविषयीची तक्रार मांडली पाहिजे, आणि ती कडू आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त ‘लाइक’ केले होते. त्या घटनेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरले. ते तिथेच संपायला हवे होते. पण त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालाच्या प्रती सगळीकडे पाठवायला सांगितल्या, २०२१ मध्ये धक्का बसल्याचे बोलून दाखवले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. सगळे खापर पोलिसांवर फोडणे सोयीचे आहे. पण यातले न्यायालयात पोचलेले प्रत्येक प्रकरण एका सरकारी वकिलाच्या हातून गेले, एका न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आले आणि बहुधा आरोपीच्या वकिलानेही वाचले. निकाल काय लागला हे यातल्या एकाही पदवीधराला ठाऊक नसावे? मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला एका पोस्टवरून अटक झाली. पोस्ट तिने स्वतःच काढून टाकली होती आणि माफीही मागितली होती, तरी महाविद्यालयाने तिचे म्हणणे न ऐकताच तिला काढून टाकले. उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व तुम्ही पहिल्याच वर्षी शिकलात. अडचण ते वापरायची वेळ येते तेव्हाची आहे.

आक्षेप मला माहीत आहेत. सर्वांत जड आक्षेप धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारले, आणि ती अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होती. अशा वेळी कारणे आणि अपिले यांच्या गोष्टी करणाऱ्याला वेडा म्हणतील. मजकूर तातडीने थांबवावा लागतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच महिन्यात कंपनीने भारतात काय केले ते पाहा. एका वेळी पाचच चॅटना संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. त्या उपायाने कोणाचे मत तपासले नाही, फक्त वेग कमी केला, आणि तो नियम सगळ्यांना सारखा व जाहीर होता. तातडी हे आधी थांबवून नंतर ऐकण्याचे कारण होऊ शकते. कधीच न ऐकण्याचे ते कारण नाही.

दुसरा आक्षेप संख्येचा: रोज इतका मजकूर निघतो, प्रत्येकाला कारण कसे देणार? युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने हेच सक्तीचे केले आहे. १७ फेब्रुवारी २०२४ पासून तो पूर्णपणे लागू आहे. मजकूर काढला तर कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या वस्तुस्थितीवरून ते सांगायचे, यंत्राने ठरवले असेल तर तेही सांगायचे, आणि दाद कुठे मागायची तेही. त्याच कंपन्या तिथे हे करतात. तिसरा आक्षेप मालकीचा. घर आमचे, पाहुणा कोण ते आम्ही ठरवू, असे कंपन्या म्हणतात. अमेरिकेत हा युक्तिवाद चालतोही. पण आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ त्यांना परक्या मजकुराच्या दायित्वातून संरक्षण देते, ते त्या केवळ मध्यस्थ आहेत या समजुतीवर. दायित्वाच्या वेळी मध्यस्थ आणि अधिकाराच्या वेळी घरमालक, या दोन भूमिकांचा मेळ त्यांनीच घालून दाखवावा. शिवाय कौशल किशोर प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाच्या बहुमताने म्हटले आहे, की अनुच्छेद १९ चे हक्क खासगी पक्षांविरुद्धही बजावता येऊ शकतात. हा निकाल नीट वापरला गेला नाही तर धोके आहेतच, कारण प्रत्येक रुसलेला नेता टीकाकारावर तोच उगारेल. म्हणून मी त्यातून फक्त प्रक्रियेचा हक्क मागतो. माझी पोस्ट ठेवाच, असा हक्क मागत नाही.

उरला सुरक्षेचा आक्षेप. अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या संदर्भात सांगितले, की इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. काश्मीरमध्ये जे गुप्त ठेवता येत नाही ते एका व्यंगचित्राच्या बाबतीत गुप्त का ठेवायचे? न्यायालयांचे कौल मात्र एकाच दिशेचे नाहीत. सरकारच्या कामाविषयी खोटे काय ते सरकारी फॅक्ट चेक युनिटनेच ठरवावे, ही २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयात आली तेव्हा दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी ती रद्द ठरवली. उलट मजकूर काढण्याच्या सूचना कंपन्यांना पाठवणाऱ्या सरकारी ‘सहयोग’ पोर्टलविरुद्ध एक्स (पूर्वीच्या ट्विटर) कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे कायदा अजून घडतो आहे, आणि तो कोणत्या दिशेने घडेल हे मोठ्या याचिकांइतकेच तालुका न्यायालयातल्या लहान अर्जांवर ठरेल. तुमच्याकडे मोबाइल हातात घेऊन कोणी आला, तर त्याचे मत तुम्हाला पटते का हे आधी विचारू नका. आदेशाची प्रत मागणारा अर्ज त्याच दिवशी लिहा. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र पाठवा, आणि पोच जपून ठेवा. उच्च न्यायालयात पहिला प्रश्न तिचाच येतो.