मूठ वळायला शिकवू या
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



पोरीला बॉक्सिंग शिकवायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "नाक-डोळा फुटला तर?" काळजी खरी आहे. म्हणून आधी नियम ऐका. लहान मुलांनी एकमेकांना मारायचंच नाही. डोक्यावर, तोंडावर तर मुळीच नाही. अंगणातली सपाट जागा आणि घट्ट बांधलेली जुनी गोधडी, एवढं पुरे.

आधी उभं राहणं शिकवा. उजव्या हाताच्या मुलीचा डावा पाय पुढे, पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे थोडे सैल, हनुवटी खाली, मुठी गालाजवळ. पुढे सरकताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा. पायात पाय अडकता कामा नये.

मग मूठ. अंगठा बोटांच्या आत कोंबला तर दुखावतो. तो बाहेरून, बोटांवर आडवा ठेवायचा. मनगट सरळ. डावा हात सरळ गोधडीवर मारला की लगेच परत गालाशी. हाच 'जॅब'. खरी लढत मात्र प्रशिक्षकाशिवाय नाही.

मणिपूरच्या मेरी कोम गरीब शेतकरी घरातल्या. जुळ्या मुलांची आई झाल्यावर त्या २००८ मध्ये पुन्हा जगज्जेत्या झाल्या, २०१२ ला लंडन ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणलं.

आपली प्रत्येक पोर पदक आणणार नाही. वाटेत कुणी छेड काढली तर तिने आधी पळावं, ओरडावं, घरी येऊन सांगावं, हेही शिकवा. पण वाटेच्या भीतीनं तिची शाळा सोडवू नका. पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच, तायांनो!