गाळलेला शेवट



माझे शिक्षण गिरणीच्या दारात झाले. फ्रेंच मला येत नाही; मराठी, हिंदी आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेले इंग्रजी, एवढ्याच भांडवलावर मी उभा आहे.

देवळीचा आणि फ्रेंच साहित्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. १९२४ साली रोमाँ रोलाँ या फ्रेंच कादंबरीकाराने गांधीजींवर पुस्तक लिहिले. त्याच्याचकडून गांधीजींचे नाव ऐकून एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी १९२५ साली हिंदुस्थानात आली. त्या मीराबेन पुढे आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला राहिल्या. तेव्हा हे साहित्य आपल्या शिवेपर्यंत केव्हाच येऊन पोचले आहे.

त्याची ओळख करून घ्यायची तर क्रमाने घ्यावी. आरंभ ह्यूगोपासून करावा. त्याच्या १८६२ च्या कादंबरीवरून साने गुरुजींनी ‘दुःखी’ लिहिली. पाव चोरल्याची शिक्षा आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी वाढलेली शिक्षा मिळून नायक १९ वर्षे तुरुंगात काढतो. रोमँटिक म्हटले की आपल्याला चांदणे आठवते. ह्यूगोने मात्र एका कैद्याला महाकाव्यातल्या वीराची उंची दिली. नंतरचे लेखक भावनेकडून निरीक्षणाकडे वळले. समाजाला ते झोंबले. १८५७ साली ‘मादाम बोव्हारी’बद्दल फ्लोबेरवर खटला भरला गेला, तो सुटला. त्याच वर्षी बोदलेरला कवितांबद्दल दंड झाला.

मग झोला. १८८४ साली आँझँच्या कोळसा खाणीत संप चालू असताना तो तेथे गेला, खाणीत उतरला आणि १८८५ साली त्याची ‘झेर्मिनाल’ पुस्तकरूपाने आली.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या एका संपात मी रोज संध्याकाळी कामगारांना ही कथा सांगत असे. कादंबरीतला संप मोडतो, शिपाई गोळ्या झाडतात, माणसे पुन्हा खाणीत उतरतात. तो भाग मी गाळला. आमचाही संप मोडला. कामावर परतण्याच्या दिवशी एका म्हाताऱ्या कामगाराने मला गाठले. कादंबरी मी पुरी सांगितली नव्हती, हे त्याला कोणाकडून तरी कळले होते. तो म्हणाला, “भाऊ, शेवट तुमाले ठाऊक होता, मंग आमाले काहून नाही सांगितला?”

मजजवळ उत्तर नव्हते. झोलाने आपल्या वाचकावर जेवढा विश्वास टाकला, तेवढा मी माझ्या माणसांवर टाकला नाही. पराभव ऐकून ते खचतील, असे मी त्यांना न विचारताच ठरवून टाकले.

झेर्मिनाल हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगातील महिन्याचे नाव. तो मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्या चैत्राच्या सुमारास येतो आणि त्याचा अर्थ अंकुरण्याचा महिना. कादंबरी याच दिवसांत संपते. हरलेला नायक गाव सोडून निघतो, तेव्हा त्याच्या पायांखालची जमीन अंकुरत असते. शेवट गाळताना मी तो अंकुरही गाळला होता. म्हणून विनंती एवढीच, की पुस्तक हाती घ्याल तर शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि दुसऱ्याला सांगाल तर पुरते सांगा.