कागदाच्या खिडकीपाशी अडलेला माणूस

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. आम्हा गिरणीवाल्यांच्या पगारातून ईएसआय कापतात, तिचं मूळ तिथं आहे. तेव्हा विमा ही कुणाची मेहेरबानी नव्हे, एवढं पहिल्यांदा ध्यानात घ्या.

ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, २०१७ ला जोतिबांचं नाव मिळालं. पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांनाच मिळायची. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ठरलेली इस्पितळं, ठरलेले आजार. ऐकायला बरं वाटतं. पण माणूस अडतो तो खिडकीपाशी.

आमच्या आळीतल्या एका मावशींचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. रेशनकार्डावर त्यांचं घरातलं नाव आणि जुनं गावचं आडनाव, आधारवर मुलानं शाळेत लावलेलं नवं. खिडकीवरचा म्हणाला, ही बाई तीच कशावरून? मावशी समोर बाकड्यावर धापा टाकत बसलेल्या! मुलगा कंत्राटी कामगार. रेशनिंग ऑफिस, आधार केंद्र, पुन्हा इस्पितळ, यात त्याचे सहा खाडे झाले. तपासण्यांसाठी व्याजानं पैसे काढले ते वेगळेच. ऑपरेशन झालं, मावशी आहेत. पण लबाडी रोखायला मागितलेला कागद लबाडाला कधीच अडवत नाही, तो रोजंदारीवाल्याला अडवतो, हे माझं मत आहे.

यात आपलाही एक प्रकार आहे, तो बोलतोच. विहारात मंगलपरिणय थाटात होतो, फोटो निघतात, पण विवाह नोंदणीला कोणी जात नाही. सुनेचं नाव वर्षानुवर्षं माहेरच्या कार्डावर. बाळंतपणात नाहीतर आजारपणात मग धावाधाव. काही घरांचं कार्ड अजून गावालाच आहे, तेही बघा.

म्हणून समितीनं ठरवलंय, दर रविवारी वंदनेनंतर आपली शिकलेली पोरं-पोरी इथं टेबल टाकून बसतील. रेशनकार्ड, आधार आणि नोंदणी दाखला असेल तर तो घेऊन या. नावातली काना-मात्रा जुळते का ते बघू, अर्ज भरून देऊ. आज धडधाकट आहात तेव्हाच या. इस्पितळात अडलात तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीच ऐकलं तर १५५३८८ वर फोन करा. आणि आयुष्मान कार्ड काढून देतो म्हणून कोणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला विहारात घेऊन या, त्याच्याशी आम्ही बोलू.

जयभीम!