शिखराच्या आदल्या रात्री



एव्हरेस्टवर साउथ कोल या खिंडीत, सुमारे 7,900 मीटर उंचीवर, गिर्यारोहकांचा शेवटचा तळ असतो. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी ते इथे पोहोचतात आणि बहुधा त्याच रात्री शिखराकडे निघतात. मधले काही तास फार कठीण. भूक मेलेली, झोप येत नाही, छाती धडधडते. ती भीतीने की विरळ हवेने, हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही.

अशा वेळी हात कामात गुंतलेले बरे. बर्फ वितळवून पाणी करायचं, त्यालाच कितीतरी वेळ जातो. पाण्याची बाटली जाकिटाच्या आत ठेवायची, नाहीतर पाणी गोठतं. हेडलॅम्पच्या बॅटऱ्याही अंगाशी, कारण थंडीत त्या लवकर उतरतात. ऑक्सिजनचा मास्क, रेग्युलेटर, बुटांना बांधायचे काटेरी क्रॅम्पॉन तंबूतच पुन्हा पुन्हा तपासायचे. बाहेर हातमोजा काढून पट्टा आवळत बसलं, तर बोटांना हिमदंश होऊ शकतो.

रात्री निघायचं ते सकाळी शिखर गाठून, दुपारी हवामान बिघडण्याआधी परतता यावं म्हणून. मागे फिरण्याची वेळही आधीच ठरवतात. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच सर्वांत मोलाची, कारण वर गेल्यावर विचारशक्ती मंदावते.

पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे 8 गिर्यारोहक मे 2012 मध्ये याच वाटेने शिखरावर पोहोचले. उद्या तुमच्या घरातलंही कुणी अशा मोहिमेला निघालं, तर ‘शिखर गाठूनच ये’ म्हणू नका. ‘ठरलेल्या वेळी मागे फिर’, एवढं आवर्जून सांगा.