जुना संगणक आणि सरांचा लेख



ऑक्टोबरपासून आपल्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे : जुना संगणक ठेवायचा की काढायचा? 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले आणि सगळ्यांना धडकी भरली. कुणी म्हणे नवा घ्या, कुणी मॅक, कुणी लिनक्स. स्मरणिकेचं टायपिंग माझ्याकडे होतं, म्हणून संयोजकांनी बोलायलाही मलाच उभं केलं. मी तज्ज्ञ नाही. टायपिंगची परीक्षा पास झालेली बाई, एवढीच माझी पदवी.

माझा संगणक 2016 चा. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही त्यानंतरचा लागतो. म्हणजे यंत्र ठणठणीत, पण वय पाहून वर्गाबाहेर! नावनोंदणी केली तर जुन्या विंडोजला ऑक्टोबर 2026 पर्यंत अपडेट मिळतात, पण पुढे काय? भाच्याने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट आणलं. ते डिस्कला हात न लावता नुसतं चालवून बघता येतं. दोन दिवस बघितलं आणि मग विंडोजच्या शेजारीच बसवलं. मेन्यू डाव्या कोपऱ्यात, ब्राउझर तोच, लिहायला लिबरऑफिस, खर्च शून्य. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे सारखाच : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही. मी तर ग्रुपवर जाहीरही करून टाकलं की विंडोजला रामराम.

तेवढ्यात आपल्या गणिताच्या सरांच्या पत्नी एक पेनड्राइव्ह घेऊन आल्या. सर गेले त्याच्या आधी त्यांनी शाळेच्या आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या. दुसरी प्रत नाही. लिनक्सवर फाइल उघडली तर चौदा पानं नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. काकू शेजारी बसलेल्या. काय बोलावं कळेना.

दोष लिनक्सचा नव्हता. पूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मॅकवरही तेच झालं असतं. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो कुठेही ‘क’च राहतो.

ज्याला रामराम केला त्याच विंडोजमध्ये तो जुना फॉन्ट होता. संगणक बंद करून पुन्हा त्यात शिरले आणि सरांची पानं उमटली. काकूंनी पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. मग कन्व्हर्टरने युनिकोड केलं, तर रफार गळाले आणि ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षरावर चढले. सरांचा ‘कर्ण’ ‘कण’ झाला, ‘वर्ग’चा ‘वग’! मूळ फाइल समोर ठेवून चौदाही पानं मी ओळीओळीने तपासली.

तेव्हा नवीन काय घ्यायचं हे विचारण्याआधी तुमच्या घरात काय साठलंय ते बघा. ज्यांचा टॅली आहे किंवा जुन्या फॉन्टच्या फायली आहेत, त्यांनी विंडोज सोडू नये. फक्त अपडेट बंद पडलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नका. इंटरनेट काढून ती जुन्या कागदांपुरती ठेवा. मेल, बातम्या, बँक, नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच असेल, तर मिंट पुरे. मॅक उत्तम, टिकतोही, पण पेन्शनमधून घ्यायचा म्हणजे दहादा विचार करावा लागतो. मुलांनी दिला तर नाही म्हणू नका.

एक घाईचं सांगते. आपल्या बऱ्याच घरांत आईवडिलांच्या, सासऱ्यांच्या अशा फायली असतील. यंत्र भंगारात देण्याआधी त्या उघडून बघा आणि फॉन्टसकट कॉपी करा. नाहीच उघडल्या, तर माझं जुनं विंडोज अजून चालू आहे. पेनड्राइव्ह घेऊन उस्मानपुऱ्यात माझ्याकडे या. दुपारी चारनंतर. चहा मी करते, रफार तुम्ही तपासायचे.