टिपाड भरलेलं का होतं?

मी वाटूरचा. जालन्याहून मंठ्याकडं जाताना आमचा फाटा लागतो, तिथून थोडं आत आमचं शेत. शेतात चार जनावरं आहेत. दोन घोड्या, एक घोडा आणि माळेगावच्या यात्रेतून आणलेलं एक शिंगरू, जे आता शिंगरू राहिलेलं नाही. माळेगाव म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं. घोड्यांचा बाजार पाहायचा असेल तर एकदा जाऊन या.

रील बघून लोकांना वाटतं, घोडे पाळणं म्हणजे नुसता नाद. नाद आहेच, पण घर चालतं ते लग्नसराईवर. आणि आमच्याकडं लग्नाची खरी गर्दी एप्रिल-मेमध्ये, पारा ४२ च्या पुढं असतो तेव्हा. म्हणजे जनावराला जास्तीत जास्त काम नेमकं त्या महिन्यात, ज्यात त्याला ते कमीत कमी झेपतं.

मे महिन्यातला एक दिवस सांगतो. पहाटे साडेचारला उठलो. उन्हाळ्यात जे काही करायचं ते नऊच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. लीद काढली, खरारा केला, खुरातली घाण आणि खडे काढले. त्या दिवशी नालबंद येणार होता. शिवाय शेडच्या पत्र्यावर पऱ्हाट्या आणि उसाचं पाचट टाकायचं काम अर्धं राहिलं होतं. नुसता पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो. आणि बाराला शेजारच्या गावात परण्या होता, आमची मोठी घोडी चांदणी ठरली होती. इसार घेतलेला.

चांदणीपुढचं टिपाड पाहिलं तर काठोकाठ भरलेलं. मनात म्हणलं, आबांनी पहाटेच भरलेलं दिसतंय. पुढं गेलो.

नालबंद आला, त्यानं घोड्याचे दोन पाय उरकले, चांदणीजवळ गेला आणि म्हणाला, "हिची लीद बघितली का?" गोळ्या बारीक, कोरड्या, आणि रात्रभरात जेमतेम तेवढ्याच. घोडी पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून स्वतःच्या कुशीकडं बघत होती. घोडेवाल्याला हे दिसलं की पोटात गोळा येतो. हा पोटशूळ.

आबांना विचारलं, "टिपाड कधी भरलं?" ते म्हणाले, "मी कुठं भरलं? मला वाटलं तूच भरलं."

कुणीच भरलं नव्हतं. ते आदल्या संध्याकाळचं पाणी होतं. आदल्या रात्री चांदणी अकरापर्यंत वरातीत होती, डीजेपुढं, घामानं निथळत. घरी आणून मी तिला कोरडा कडबा टाकला आणि झोपलो. टिपाड दिवसभर उन्हात होतं, पाणी कढत झालेलं, त्यात टँकरचं, वेगळ्या चवीचं. घोडं असल्या पाण्याला तोंड लावत नाही. घामाबरोबर मीठही भरपूर जातं, आणि मीठ कमी पडलं की तहानही नीट लागत नाही. वरून कोरडा कडबा. आतड्यात गच्च बसला.

मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं, जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवलं. १५ सेकंदांत १३ ठोके, म्हणजे मिनिटाला ५२. उभ्या घोड्याचे साधारण २८ ते ४४ असतात. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वैरण उचला, सावलीत हळूहळू फिरवा, लोळू देऊ नका, मी येतो.

तोवर शेजारचे काका तेलाची बाटली घेऊन हजर. ओवा-हिंग घालून तोंडातून पाजा म्हणाले. बैलाला करतात तसं. मी हात जोडले. तोंडातून ओतलेलं तेल घोड्याच्या फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं वर येत नाही. काका रुसले, रुसू द्या.

मग नवरदेवाच्या मामांना फोन केला. "मामा, घोडी आजारी आहे, इसार परत करतो." ते म्हणाले, "पाहुणे दारात आलेत अन् आता सांगता? एक तास उभी करा फक्त." दुसरी घोडी गाभण होती, तिला नेता येत नव्हतं. घोडा डीजेला बुजतो. सीझनचा पैसा डोळ्यापुढं होता, खोटं कशाला बोलू. आबा काहीच बोलले नाहीत, फक्त चांदणीचा दोर माझ्या हातात दिला. मी नाही म्हणलो. मामांनी जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही, पण त्यांच्या जागी मीही तेच बोललो असतो.

डॉक्टरांनी दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात पॅराफिन सोडलं. दुपारभर मी आणि आई आळीपाळीनं तिला लिंबाखाली फिरवत होतो. पाचट तसंच पडून राहिलं. नालबंद त्याचं काम संपवून निघाला, पैसे नंतर द्या म्हणाला.

रात्री आठच्या सुमारास चांदणीनं लीद टाकली. आईनं टॉर्च मारून बघितलं आणि देवापुढं दिवा लावायला गेली. हसू नका.

आता टिपाड लिंबाच्या सावलीत असतं, आतून खडूची रेघ मारलेली. पाणी कुणी भरलं, किती वाजता, ते खांबावर लिहायचं. एका जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर लागतं, ते गेलं का नाही हे रेघ सांगते. गव्हाणीत सैंधवाचा खडा ठेवलाय. वरातीहून आल्यावर आधी अंगावर पाणी, मग प्यायला पाणी, आणि वैरण त्यानंतर, तीही ओलवून.

त्या मामांना महिनाभरानं परत फोन केला होता. उचलला नाही.