विमा नाही, तरी विचारा

महामार्गावरचा अपघात असो की रात्री चढलेला ताप, माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयाची पायरी चढताना विमा नाही म्हणून कचरू नका. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, उपचार मोफत आहेत. खासगीत जावं लागलं, तर मात्र बिल नीट वाचा. 2021च्या शुश्रूषागृह नियमांनुसार दरपत्रक दर्शनी लावायला हवं, बिलही तपशीलवार हवं. ‘इतर खर्च’ म्हणून मोठा आकडा दिसला, तर ‘हे कशाचे?’ असं विचारायचंच. आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नियम: बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. त्या घडीला दागिने गहाण टाकायला धावू नका.